उदगीरच्या सरांची सुरमई

सरांना मासे खाणारी माणसं फारशी आवडायची नाहीत, आणि मासा न ओळखणारी तर मुळीच नाही. पहिल्या प्रकाराला ते माफ करायचे. "ज्याचं त्याचं पोट," म्हणायचे. दुसऱ्या प्रकाराला त्यांच्याकडे माफी नव्हती.

नांदेडच्या कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवतात असं सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. हसा बापडे. आमच्याकडे गोदावरी आहे, तलाव आहेत, धरणं आहेत, त्यात मासे पाळून पोट भरणारी माणसं आहेत, म्हणून विषय आहे. मीही आज तोच विषय शिकवते आणि कुणी हसलं की मला अजून राग येतो. पण अभ्यासक्रमात समुद्रातले मासेही असतात, आणि ते शिकवायला आम्हाला मिळाले होते सर. मूळचे उदगीरचे, लिंगायत. घरची डाळ मिल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत चांदीच्या डबीत इष्टलिंग. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तरी आधी विचारणार, "अंडं हाय का ह्यात?" उत्तर देणारा जरा अडखळला की केक परत.

असा माणूस सुरमईवर जीव टाकायचा. खायला नव्हे हो, शिकवायला! समुद्रात मासे काय थोडे आहेत? पण सरांचा तास कुठल्याही माशापासून सुरू झाला तरी सुरमईवर येऊन थांबायचा. माणसाएवढी लांब होणारी, चांदीच्या अंगावर नागमोडी पट्ट्या, कातरीसारखे दात, किनाऱ्याजवळच्या कोमट पाण्यात तारली नावाच्या बारीक माशांच्या थव्यात घुसून दाणादाण उडवणारी. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकायची.

तिच्याबद्दलची एक गोष्ट तर त्यांनी अगदी पोथीसारखी लावली होती. बहुतेक माशांच्या पोटात हवेचा फुगा असतो. त्याच्या जोरावर मासा जागच्या जागी तरंगू शकतो. सुरमईला तो फुगा नसतो. पोहायची थांबली की ती खाली जाते, म्हणून ती थांबतच नाही. शास्त्र एवढंच. पण उशिरा येणाऱ्या पोराला सर दारातच गाठायचे. "या, फुगेवाले! तरंगत तरंगत आलाव?" कुणी प्रयोगवही अर्धी आणली, की "पोटात फुगा हाय का रं तुझ्या?" शहर बंद असो, रिक्षा मिळो न मिळो, सर चालत कॉलेजात हजर. एकदा कडकडीत बंद होता, वर्गात एकही पोरगं नव्हतं, तर त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला बाकावर बसवून पूर्ण तास घेतला. शिपाई नंतर आम्हाला म्हणाला, "लई भारी शिकवतात सर. मला मधी उठायचं व्हतं, पण उठूच दिलं न्हाई."

आणि डावा हात.

सर प्रयोगशाळेत शिरले की त्यांचा डावा हात पाठीमागे जायचा आणि बाहेर पडेपर्यंत तिथंच राहायचा. खडू उजव्या हातात, डस्टर उजव्या हातात. मासा कापून दाखवायचा तर एकट्या उजव्या हातानं, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या ठोकून ठोकून मासा पक्का करायचा आणि मग कातर चालवायची. पहिल्या वर्षाला आम्हाला वाटायचं, हाताला काही झालंय. पोरं त्यांची नक्कल करायची, हात मागं बांधून व्हरांड्यातून फिरायची. सरांनी एकदा बघितलं. रागावले नाहीत. "नीट धरा हात. असा ढिला न्हाई चालत," म्हणाले.

खरं कारण मला पुढं कळलं. लिंगायत माणूस रोज सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा करतो. त्याआधी सर पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. ते कॉलेजात प्राणिशास्त्राला जायचं म्हणून हटून बसले तेव्हा घरात मोठी रणधुमाळी झाली होती. वडील म्हणाले, मिल सांभाळ. काका म्हणाले, बेडूक कापणाऱ्याला पोरगी कोण देईल? शेवटी त्यांच्या आईनं तोड काढली. आईला ते अव्वा म्हणायचे. अव्वा म्हणाल्या, "शिक. पण ज्या तळव्यावर लिंग ठेवतोस त्यो तळवा मेल्या जिवाला लावायचा न्हाई. डावा हात महादेवाचा, उजवा तुझ्या कॉलेजाचा." सरांनी वचन दिलं आणि सगळी नोकरी एका हातावर काढली. काय माणूस म्हणायचा हा! आपण शेजाऱ्याला दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी विसरतो.

संध्याकाळी सर मासळी बाजारात जायचे, नाकाला रुमाल लावून. गाड्यासमोर उभे राहायचे, बघायचे. विक्रेत्यानं दुसराच मासा सुरमई म्हणून खपवायला घेतला की गिऱ्हाइकाच्या कानाशी जाऊन, "ही न्हाई ती," एवढंच सांगायचे आणि पुढं निघायचे. विक्रेते कावलेले. त्यात समाजातल्या कुणीतरी त्यांना तिथं बघितलं आणि बोभाटा झाला. दोन वडीलधारे घरी आले. शरणार्थ म्हणून नमस्कार झाला, चहा झाला, मग विषय निघाला. सर म्हणाले, "तुम्ही पोथी वाचताव, मी मासा वाचतो. पोथी खाल्ली का कधी तुम्ही?" वडीलधारे उठून गेले. पुन्हा कुणी आलं नाही.

आता माझी गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी हिमायतनगरची. वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. मी वर्गात पहिली यायची, हे माझ्याच तोंडानं सांगते, कारण दुसरं कोण सांगणार? दरवर्षी कॉलेजची सहल कोकणात जायची, समुद्र आणि मासळी बघायला. वडिलांनी मला सोडलं नाही. "पोरीच्या जातीला समुद्र कशाला?" झालं. माझ्यासारख्या अर्ध्या मुली मागंच राहायच्या. आम्ही समुद्र शिकलो तो भिंतीवरच्या तक्त्यावरून.

शिक्षण झाल्यावर कोकणातल्या एका कार्यालयात माझी मुलाखत होती. तोंडी प्रश्न मी फटाफट सोडवले. मग एक ट्रे आणून टेबलावर ठेवला. त्यात दोन मासे. "यातली मोठी जात, तुमची ती पट्ट्यांची सुरमई, कोणती?" म्हणाले. पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं, अजून आहे: अंगावरून जाणारी बारीक रेघ पाठीवरच्या दुसऱ्या पंखाखाली एकदम खाली वळते, ती ही जात. हळूहळू उतरते, ती दुसरी. पण ओल्या चकचकीत अंगावर ती रेघ दिसते कशी, हे कोणी बघितलं होतं? दोन्ही मासे नुसते चमकून राहिले होते. मी एकावर बोट ठेवलं. चुकलं. समोरचे गृहस्थ चांगले होते, ओरडले वगैरे नाहीत. "कुठं शिकलात?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "नांदेड." ते तिघं एकमेकांकडे बघून हसले.

ते हसू मी कोकणातून नांदेडपर्यंत घेऊन आले आणि सरांच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, "सर, तुमच्या तक्त्यावर ती रेघच नाही. तुम्ही इतकी वर्षं काडी फिरवली ती कोऱ्या कागदावर!"

सर उठले. तक्त्याजवळ गेले, चष्मा काढून, डोळा लावून बघितलं. काढणाऱ्यानं पट्ट्या काढल्या होत्या, दात काढले होते, डोळ्यात चमकसुद्धा दिली होती. रेघ नव्हती. सर शिकवताना ती रेघ त्यांना दिसायची, आम्हाला नाही. त्यांनी तक्ता उतरवला, गुंडाळला आणि कपाटावर टाकला. म्हणाले, "आता चित्र बास. अख्खी सुरमई आणायची इथं. जी पोरगी समुद्राला जाऊ शकत न्हाई, तिनं हितं रेघ बघितली पाहिजे. तुझं झालं ते पुन्हा कुणाचं होऊ देणार न्हाई मी."

प्राचार्य म्हणाले, प्लास्टिकची प्रतिकृती मागवा. सर म्हणाले, "प्लास्टिकच्या माशाला मुलाखतीत कोण ठेवतं?" आणि थेट अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे जाऊन लांबलचक काचेची पेटी बनवून आणली. मासा कुठं आहे अजून? कशाचा मासा नि कशाचं काय! पण पेटी आली. पुढच्या सहलीपर्यंत ती रिकामी पडून होती आणि पोरं तिच्यात हेल्मेट ठेवायची. सरांना वेड लागलंय असं अख्खं कॉलेज उघड म्हणायला लागलं. मी तेव्हा तिथंच तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते. मलाही थोडं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

सहल निघाली. मुलींबरोबर बाई शिक्षक असेल तर घरचे सोडतात म्हणून सरांनी मला घेतलं. नोकरीचं काम म्हटल्यावर वडील गप्प बसले. पनवेलला गाडी बदलून आम्ही रत्नागिरीला उतरलो. आम्ही सगळ्या समुद्र बघून वेड्यासारख्या ओरडत होतो, आणि सर विचारत होते, "बंदर कुठल्या अंगाला हाय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना बंदरावर लिलाव चालला होता. आणि एका कोळणीपुढं ती पडलेली होती. माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढी लांब. सर पुढं झाले. तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग खाली वाकले, खिशातलं पेन काढलं आणि अंगाला न लावता, वरच्या वर, रेघेवरून फिरवत नेलं. दुसऱ्या पंखाखाली पेन झपकन खाली वळलं. "ही. दिसली?" दिसली. अहो, आंधळ्याला दिसली असती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी हरले होते.

सरांनी मासा विकत घेतला. त्यांची पूजा व्हायची होती, पाणीसुद्धा प्यायले नव्हते. जवळच महादेवाचं देऊळ होतं. "हितंच राहू द्या, आलोच," असं कोळणीला सांगून ते गेले. मी मुलींना घेऊन चहाला गेले. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडं अडतीवर तुरीचं पोतं घेऊन "आलोच" म्हणून गेलात, तर परत येईपर्यंत पोतं तसंच शिवलेलं उभं असतं. कुणी ते फोडून त्याची डाळ करून ठेवत नाही.

आम्ही परत आलो तर कोळीणबाई पिशवीला गाठ मारत होत्या. "एकसारखे तुकडे पाडलेत बघा मास्तर," त्या कौतुकानं म्हणाल्या. "पाहुणे खूश होतील."

एवढी मोठी सुरमई घेणारा माणूस ती कापून नेणार, हे त्यांच्या दृष्टीनं सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. मागितल्याशिवाय त्यांनी मेहनत केली होती. सर कपाळावर ताजी विभूती लावून उभे. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसतो की काय!

सर म्हणाले, "बाई, तुमची काही चूक न्हाई. डोकं कुठंय?"

डोकं पिशवीत होतं. शेपटी पण होती. पंख मात्र आधीच छाटून कचऱ्याच्या टोपलीत गेलेले. सर टोपलीपाशी उकिडवे बसले आणि उजवा हात आत घातला. डावा मागं. कोळंबीची सालं, खवलं, कुणाकुणाची आतडी, त्यातून ते पंख शोधायला लागले. पाठीवरचा एक सापडला, दुसरा सापडला, मग शेपटीजवळचे नखाएवढे बारीक पंख एकेक करून. बाया जमल्या. "ओ, मास्तरांचं काय हरवलं?" आपण काय केलं हे त्या कोळीणबाईंना आता कळलं होतं. त्या कोयता ठेवून शेजारी बसल्या आणि त्याही शोधायला लागल्या.

एक पोरगा म्हणाला, "सर, दुसरी घेऊ ना." तेवढी मोठी दुसरी बाजारात नव्हतीच, पण सर वर न बघताच म्हणाले, "मेलेली एक वाया घालवायची आन् दुसरी मागवायची? आपल्याला शोभतं का ते?"

"मग करणार काय, सर?"

"काय म्हणजे? शिवायची."

थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून सुरमई निघाली. गाडीत डबाभर वास. एक बाई सारखी नाक दाबून आमच्याकडं बघत होती. तिकीट तपासनीस आला, पेटीला पाय लागला. "काय आहे यात?" सर म्हणाले, "शैक्षणिक साहित्य." तपासनीस वाकला, वास घेतला आणि मुकाट्यानं पुढच्या डब्यात गेला. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर बर्फ शोधायला पोरं धावत होती.

नांदेडला उतरलो आणि पोरं आपापल्या गावी पांगली. उरलो सर, मी आणि बर्फ आणायला शिपाई. सरांनी तुकडे टेबलावर लावले. क्रम कसा ओळखायचा, तर रेघेवरून: ह्या तुकड्याची रेघ त्या तुकड्याच्या रेघेला मिळाली पाहिजे. त्यांनी प्राचार्यांच्या खोलीतला पडद्याचा रॉड काढून आणला आणि सगळे तुकडे त्यात ओवले. पोटात गादीचा कापूस भरला. मासा टिकवायला काचेच्या पेटीत फॉर्मलिन भरायचं होतं; त्यात टाकलं की मासा असेल त्या आकारात कडक होतो, म्हणून शिवण आधी, फॉर्मलिन नंतर. आणि सगळं नासायच्या आत. बाहेर ऊन असं की बर्फ आणेपर्यंत अर्धा वितळायचा.

शिवायला मी बसले. दोरा ओढला की मांस फाटून दोरा सरळ बाहेर! साबणातून दोरी ओढावी तसा. पुन्हा घातला, पुन्हा बाहेर. सरांनी एका हातानं प्रयत्न केला, ते तर बघवत नव्हतं. चार टाके टिकले, त्यातही रेघ बोटभर वर-खाली. मी म्हणाले, "सर, रेघच तुटली तर काय उपयोग? पोरी पुन्हा चुकतील." सर घामानं भिजले होते. हरलेलं तोंड मी त्यांचं त्या दुपारी पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी फोन उचलला.

"अव्वा, मऊ कापड फाटत असंल तर टाका कसा घालावा?"

अव्वा उदगीरच्या घरी अजून खणाच्या चोळ्या हातानं शिवायच्या, काठाला काठ असा जुळवायच्या की जोड सापडू नये. वय ऐंशीच्या घरात. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कसलं कापड?"

सरांनी टेबलावरच्या तुकड्यांकडं बघितलं.

"अरे, कसलं कापड हाय?"

"मासा हाय, अव्वा."

फोन बंद झाला. सरांनी तो हळूच खाली ठेवला. "संपलं," मी मनात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरच्या पहिल्या एसटीनं अव्वा नांदेडला उतरल्या आणि रिक्षा करून थेट कॉलेजात. नऊवारी, कपाळाला विभूती, काखेत कापडी पिशवी. शरणार्थ करायलाही वेळ दिला नाही. दारातून टेबलाकडं बघितलं, पदर नाकाला लावला.

"हे कामून करून राहिलास?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. "हिच्यासाठी. हिला ही रेघ कुणी दाखवली न्हाई. मीबी न्हाई. त्यापायी हिची नोकरी हुकली."

अव्वांनी मला वर-खाली न्याहाळलं. "कुठली ग तू?"

"हिमायतनगरची."

"बापानं धाडलं न्हाई व्हय समुद्राला?"

"नाही धाडलं. पोरीच्या जातीला समुद्र कशाला, म्हणाले."

"मपला बापबी तसाच होता," अव्वा म्हणाल्या. "शाळेच्या दारापातूर गेले आन् तिथून वढून आणलं मला." मग स्टूल ओढून बसल्या. पिशवीतून मेण लावलेला दोरा काढला, सुई माझ्या हातात दिली. "ओव. मला सुईचं भोक दिसत न्हाई आता. आन् तुम्ही मांसाला कामून टोचताव? त्यात काय ऱ्हातंय? कातड्याला टोचा, नुसत्या कातड्याला."

सर म्हणाले, "अव्वा, तुझा हात..."

"उजवा हाय की मला. तुलाबी हाय. झाले की दोन."

मग जे चाललं ते मी जन्मात विसरायची नाही. अव्वांचा डावा हात छातीशी, लिंगाच्या डबीवर. सरांचा डावा हात पाठीमागे. सर उजव्या हातानं दोन तुकड्यांच्या कडा चिमटीत धरायचे, अव्वा उजव्या हातानं सुई घालायच्या, ओढायच्या, घालायच्या. मी शेपटीकडून रॉड दोन्ही हातांनी ताणून धरलेला, कारण तो फिरला की सगळा मासा पिळायचा. "खाली घे. अजून. हां, काठाला काठ आला," अव्वा म्हणायच्या. एक जोड झाला की सर पेन फिरवून रेघ तपासायचे. जरा हलली वाटली की अव्वा स्वतःच टाका उसवायच्या. मध्ये एकदा सर म्हणाले, "चालंल एवढं." अव्वा म्हणाल्या, "सुम्ने बस. तुझ्या शिकण्यापायी अख्ख्या घराशी भांडले ते चालंल म्हणायला का?" सर सुम्ने, म्हणजे गुपचूप, बसले. माझे हात भरून आले होते, पण त्या दोघांपुढं तसं म्हणायची माझी टाप नव्हती.

दुसऱ्या पंखाच्या जागेखालचा जोड सगळ्यात अवघड. तिथंच रेघ खाली वळते. अव्वांनी तो तीनदा उसवला. चौथ्यांदा सरांचं पेन झपकन वळलं, आणि मी मोठ्यानं "आली!" म्हणून ओरडले.

शेवटी डोकं राहिलं. जड डोकं, बर्फाच्या पाण्यानं निसटून राहिलेलं. सरांनी उजव्या हातानं ते गळ्याला दाबून धरलं, बोटं पांढरी पडलेली. अव्वांनी टाका पुरा केला, गाठ मारली आणि दोरा ताणून धरला. "कातर!"

कातर टेबलावरून खाली पडलेली, शिपाई बर्फाला गेलेला. मी रॉड सोडला तर मासा पिळणार. सरांनी उजवा हात काढला तर डोकं सुटणार. अव्वांनी दोरा सोडला तर गाठ ढिली पडणार आणि अख्खी शिवण सैल. कुणालाच हलता येईना. डोकं घसरायला लागलं, मला डोळ्यांदेखत दिसत होतं.

आणि सरांचा डावा हात पाठीमागून पुढं आला.

एवढ्या वर्षांत तो हात त्या खोलीत मी पहिल्यांदा समोरून बघितला. तो माशाकडं निघाला होता.

"हात मागं घे!" अव्वा कडाडल्या. खोलीतल्या बरण्या थरथरल्या असं मला वाटलं. सरांचा हात जागीच थांबला. अव्वा वाकल्या, माशाच्या कल्ल्यापाशी तोंड नेलं आणि दोरा दातानं कडकन तोडला.

मी रडायला लागले होते. सर म्हणाले, "अव्वा, तोंड लावलंस तू. माशाला."

अव्वांनी पदरानं ओठ पुसले, अगदी शांतपणे.

"वचन तू दिलं होतंस," त्या म्हणाल्या. "मी कुणाला दिलं न्हवतं. आता बघत काय ऱ्हायलाव? उचला तिला, पेटीत घाला, नासंल."

आम्ही उचलली.